तीनदा मुरुडला गेलेलं मशीन

नारळ आणि शिवणाचं मशीन एकाच रीतीनं पारखता येत नाही, हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी सगळ्या वस्तू वाजवूनच घेत असे. नारळ, फणस, मडकं, सगळं! (नवरा तेवढा न वाजवता मिळाला, पण तो वडिलांनी आणला होता.)

माझी मुलगी शांती तेव्हा अकरा वर्षांची. शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. मशीन एक आणि पोरी पंधरा. हिच्या वाट्याला नुसतं बघणं येई. तिनं मुंबईला बापाला कार्ड टाकलं, मला मशीन हवं. तो गिरणीत, तिकडे लांब. लांबचा माणूस चटकन हो म्हणतो. ‘घे’ म्हणून उत्तर आलं.

माझे थोरले दीर, आबा, मात्र घरातच होते. घर त्यांच्या शब्दावर चाले.

“शिवण हे बाप्यांचं काम,” ते म्हणाले. “पोरीनं सुपाऱ्या सोलाव्या.” मग काय वाटलं कुणास ठाऊक, मांजरपाटाचा एक तुकडा आणून त्यांनी शांतीपुढे टाकला. “शिवरात्रीला मी हरिहरेश्वराला जानार हाय. तवर माझी बंडी शिव. झाली तर मशीन तुझं. न्हाय झाली तर जिथनं आणाल तिथं परत!”

दिरांशी समोरासमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती. मी दाराआडून म्हणाले, “शांते, आबांना सांग, होईल.”

आबा दोन हातांच्या अंतरावर बसले होते. तरी शांतीनं सांगितलं, “आबा, आई म्हणते होईल.”

“आईला सांग, बघू.”

ते मी ऐकलंच होतं, तरी तिनं तेही येऊन सांगितलं.

पौष संपला आणि आम्ही मायलेकी मुरुडला गेलो. तिथं मुसलमान मोहल्ल्यात एक म्हाताऱ्या बाई राहत, सगळे त्यांना खाला म्हणत. जन्मभर कपडे शिवले, आता डोळे अधू झाले, म्हणून त्यांनी दोन हातमशिनं विकायला काढली होती. एक काळं, रंग उडालेलं. दुसऱ्यावर सोनेरी वेलबुट्टी, मोर, काय विचारू नका! मी दोन्ही बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. मोराचं मशीन ठणठणीत वाजलं. काळं मुकंच.

“हे घ्यायचं,” मी मोरावर हात ठेवला.

शांतीनं पिशवीतून एक चिंधी काढली. दोन्हींवर एकेक टीप मारली, चिंधी उलटी करून खालचे टाके बघितले, ओढून बघितले. मग म्हणाली, “आये, काळं.”

“तुला काय कळतं? तो रंग बघ! भंगारात टाकल्यासारखं दिसतंय.”

“टाका बघ की.”

“टाका कोण बघतो? आलागेला माणूस मशीन बघतो!”

खाला शांतपणे म्हणाल्या, “अगो बाय, शिवनार कोन? तू का पोर?”

“पोर.”

“मग तू कशाला भांडतेस?”

काळं मशीन घरी आलं. सोबत खालांनी तेलाची छोटी बाटली दिली होती. मी आधीच चिडलेली. बाटली हुंगली, तर रॉकेलसारखा उग्र वास! असलं घाणेरडं तेल माझ्या लेकीच्या मशीनला? मी ते कंदिलात ओतलं. (कंदिलानं दोन दिवस नुसता धूर काढला. तेव्हा तरी मी विचार करायला हवा होता.) आणि शांती शाळेत गेलेली बघून घरच्या नारळांचं, घरच्या घाण्याचं, शुद्ध खोबरेल दिसेल त्या भोकात ओतलं. पळीनं! लेकीला न्हाऊ घालताना जशी माया असते ना, तशी.

शांती शाळेतून येईस्तोवर दिवे लागत, आणि शिवणासाठी दिवा जाळायला आबांची मनाई. म्हणजे जे शिवायचं ते पहाट फटफटल्यावर, थंडीत कुडकुडत. दुसऱ्या दिवशी ती मशीनपुढे बसली. चाक हलेना. तिनं जोर केला. मी जोर केला. शेवटी मी पाय लावला. ढिम्म!

“मी काय सांगत होते?” मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला थोडा आनंदच झाला. “मोर घेतला असता तर?”

 शांतीनं कापून ठेवलेल्या मांजरपाटाची पुन्हा घडी घातली.

रविवारी मशीन टोपलीत घालून आम्ही एसटीत बसलो. उन्हाची बाजू मिळाली. गाडी वाटेत दर माडाखाली थांबत होती, मुरुडला पोचेपर्यंत माथ्यावर ऊन. खालांनी मूठ धरून चाक फिरवलं. गर्रर्र! लोण्यासारखं चाललं.

“चालते की गो!”

“घरी चालत नव्हतं हो!”

“तुझ्या घरी काय भूत हाय?”

घरी आणलं. सोमवारी सकाळी ढिम्म. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. लिंबू बांधलं. मशीनला जराही लाज वाटली नाही. आबा रोज न्याहारीला बसताना विचारत, “शांते, बंडी कुठवर आली?” आणि ती म्हणे, “होतेय, आबा.” बंडीला अजून एक टाका पडला नव्हता. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, कान लाल व्हायचे.

पुढच्या रविवारी पुन्हा मुरुड. पुन्हा दुपारी गर्रर्र! मी खालांना म्हणाले, “तुम्ही याला काय शिकवून ठेवलंय का?” तशा त्या चिडल्या. म्हणाल्या, “पुन्हा आलीस तर मशीन ठेवून घेईन आनि तुला पाठवून देईन!”

तिसऱ्या रविवारी कंडक्टर म्हणाला, “काय मावशी, मशीनला समुद्राची हवा लागते वाटतं?” सगळी गाडी हसली. मी हसले नाही. शिवरात्रीला चार दिवस उरले होते, आणि शांती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिला म्हणाले, “आज खालांकडून मोर मागून घेऊ.” ती म्हणाली, “नको. मशीन चांगलं हाय, आये. त्याला काहीतरी होतंय.” आजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलली. तेव्हा मात्र मला माझ्या आनंदाची लाज वाटली.

दुपारी अर्थातच गर्रर्र. खालांनी कपाळाला हात लावला. “आज हितंच राहा दोघी. सकाळी माझ्यासमोर बंद पडू दे.”

राहिलो. सकाळी मशीन बंद! मला एवढा आनंद झाला, की मी ओरडले, “बघा, बघा!” खालांना दिसत कमी होतं, म्हणून त्यांनी भोकात बोट घातलं, चोळलं आणि नाकाशी नेलं.

“बाय, ह्यात काय घातलंस?”

“खोबरेल. घरचं. शुद्ध!”

“का? मशीनला केस हायत?”

खाला हसत खाली बसल्या, त्या बसूनच राहिल्या. शांतीनं चाकाखालची पट्टी उघडली. आत सगळीकडे पांढरे गोळे! माघातल्या थंडीत खोबरेल थिजतं, हे कोकणात पाळण्यातल्या पोराला ठाऊक. मी स्वतः रोज सकाळी डोक्याच्या तेलाची बाटली अंगणात उन्हात ठेवत होते. मशीनच्या शेजारून जाऊन ठेवत होते!

खालांनी आणि शांतीनं रॉकेल घालून मशीन धुतलं, खरं तेल सोडलं. मी एका बाजूला बसले. माझ्या हातात कोणी काही दिलं नाही.

शांतीनं तीन सकाळींत बंडी शिवली. शिवरात्रीला आबांनी ती घातली, दोन्ही हात वर केले, वाकून पाहिलं, उकिडवे बसून पाहिलं. कुठे उसवली नाही. एक खिसा जरा तिरका होता, त्यात त्यांनी तंबाखूची डबी टाकली आणि खिसा थोपटला.

“शांते, यात्रेवरनं येताना कापड आणतो. आजीला दोन चोळ्या शिव.” मग दाराकडे बघून म्हणाले, “तुझ्या आईला विचार, बिघडलं काय होतं?”

मी दाराआडून म्हणाले, “आबांना सांग, आतली एक वस्तू अडकली होती. मी काढली.”

शांतीनं माझ्याकडे पाहिलं. दातानं दोरा तोडला. आणि म्हणाली, “आबा, आई म्हणते तिनं दुरुस्त केलं.”

ही बातमी आबांनी गावभर केली. पुढच्या थंडीत शेजारच्या गावातून एक बाई डोक्यावर मशीन घेऊन दारात उभी. मग दुसरी आली, तिसरी आली. मी गंभीर चेहरा करून चाक हलवून बघे, “ठेवून जा, नाजूक काम आहे,” म्हणे, मशीन अंगणात उन्हात ठेवी आणि दुपारी परत देई. बदल्यात अंडी यायची, सुकी मासळी यायची. शांती आत तोंडात पदर कोंबून हसायची. पुढे तिनं स्वतःचं शिवणाचं दुकान काढलं, तरी लोक मशीन घेऊन माझ्याकडेच यायचे.

आजवर मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही. ज्या बायकांची अंडी मी खाल्ली त्यातल्या बऱ्याच गेल्या, आणि ज्या राहिल्यात त्यांना ऐकू येत नाही.