गाडी सुटली, कंडक्टर राहिला

दिग्रसच्या पुंडलिकरावांनी एसटीत चौतीस वर्षं कंडक्टरकी केली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी ती काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. लग्नाच्या पंगतीत जरा दाटी झाली की हे मागून ओरडायचे, "चला, पुढं सरका, मधात जागा हाये!" देवळात आरती संपली की पायरीवर उभं राहून प्रत्येकाला बजावायचे, "कोणाचं काही राह्यलं का पाहून घ्या." एकदा तर मयतीहून परतताना त्यांनी स्मशानाच्या फाटकातच माणसं मोजली आणि म्हणाले, "एक कमी भरून राह्यला ना." मग स्वतःचीच जीभ चावली.

त्यांची बायको विजयमाला म्हणायची, "यायच्या पोटात आतडं नाही, घंटीची दोरी हाये."

नाताळच्या सुट्टीत त्यांच्या मास्तर पोरानं, अक्षयनं, हैदराबादची टूम काढली. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक मिनीबस ठरवली. ड्रायव्हर होता घाटंजीचा भीमराज. मोठा शांत माणूस. पुंडलिकरावांनी गाडी निघायच्या आधीच त्याला कायदा सांगितला, "हे पाय भीमराज, मी पत्र्यावर दोनदा वाजवतो, त्याले म्हणतेत डबल बेल. ती आयकल्याबिगर चाक हलवाचं नाही."

"बरं भाऊ," भीमराज म्हणाला. त्याला कोणाशीच वाद घालायची सवय नव्हती.

झालं. पुसद गेलं, नांदेड गेलं, रस्त्याच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली, आणि हे आपले दाराजवळ उभेच. सून सुरभी दोनतीनदा म्हणाली, "मामाजी, बसा ना, केवढी जागा आहे."

"कंडक्टर बसला का गाडी झोपते, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवळकोंडा. किल्ला कसा होता, असं त्यांना विचाराल तर सांगता यायचं नाही. सगळे वर-खाली, इकडे-तिकडे पाहत होते. पुंडलिकराव फक्त आपल्या माणसांच्या पाठी पाहत होते. खाली दरवाजात टाळी वाजवली की पार माथ्यावरच्या बालेहिसार महालात ऐकू जाते, हे गाईडनं मोठ्या झोकात दाखवलं. सगळ्यांनी वाहवा केली. हे म्हणाले, "टाळी जाऊ द्या, अठराचे अठरा हाये का?"

खाली उतरून गाडीपाशी आले, तर सतराच. शेजारच्या विमलताई नव्हत्या.

"कोणी हलाचं नाही," असं म्हणून पुंडलिकराव तरातरा पुन्हा किल्ल्याच्या दारात शिरले. ते डाव्या अंगानं आत गेले आणि विमलताई उजव्या अंगानं, पदरात पेरू घेऊन, बाहेर आल्या. गाडीत चढल्या. दार नीट लागेना म्हणून त्यांनी हातानं दोन दणके दिले. धाड, धाड.

भीमराजनं डबल बेल ऐकली आणि गाडी काढली.

अक्षयला वाटलं, बाबा मागं उभे असतील. मागच्यांना वाटलं, पुढं असतील. पुंडलिकराव कुठं बसले आहेत हे पाहायची कोणाला सवयच नव्हती. त्यांचा मोबाइल नातीच्या, सोनूच्या हातात होता. ती त्यावर फुगे फोडत होती.

पंधरा मिनिटांनी पुंडलिकराव घामाघूम होऊन बाहेर आले. गाडीच्या जागी एक कुत्रं अंग ताणून झोपलं होतं.

आधी त्यांना खरंच वाटेना. मग कान तापले. चौतीस वर्षांत कितीतरी लोक त्यांनी धावत्या गाडीत हात धरून ओढून घेतले होते. मागं एकही टाकला नव्हता. आणि आज! दिग्रसच्या स्टँडवर ही गोष्ट कळली तर चहावाला म्हातारा होईपर्यंत सांगेल.

पण माणूस एसटीचा. पुढचा मुक्काम चारमिनार, एवढं ठाऊक होतं. समोर सिटी बस लागली होती. हिंदीत विचारून घेतलं आणि चढले.

कंडक्टर बाई होती. चाळिशीची, गळ्यात मशीन, तोंडानं फटाकडी. हे सवयीनं दारातच दांडा धरून उभे राहिले, तशी ती ओरडली, "चाचा, कायकू खडे? सीट खाली है ना, बैठो!"

"मैं भी कंडक्टर हूँ," पुंडलिकराव जरा ऐटीत म्हणाले.

"अच्छा? तो आज पॅसेंजर बनो! आगे चलो, रस्ता मत रोको."

रस्ता मत रोको! हे त्यांनी लाखो वेळा म्हटलेलं वाक्य. ऐकायची वेळ पहिलीच. ते निमूट पुढं सरकले आणि खिडकीशी बसले.

आणि मग गंमत झाली. बस हलली, गार वारा तोंडावर आला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण आजवर चालत्या गाडीतून बाहेर असं पाहिलंच नाही. दिग्रस–पुसद रस्ता त्यांना तोंडपाठ होता, पण खड्ड्यांनी आणि थांब्यांनी, झाडांनी नव्हे. आता गच्चीवर पतंग उडवणारा एक पोक्त माणूस दिसला. स्कूटरवर उभा आरसा घेऊन चाललेले दोघं दिसले; त्या आरशात क्षणभर अख्खी बस दिसली, आणि खिडकीत एक टक्कल. ते आपलंच, हे कळून पुंडलिकराव एकटेच हसले.

चारमिनारचे मनोरे दिसले. बाईनं आवाज दिला, "चाचा, चारमिनार!"

पुंडलिकराव उठले. आयुष्यभर ज्यांनी थांबा चुकवणाऱ्या पॅसेंजरांचा उद्धार केला, ते पुंडलिकराव उठले, बाहेर पाहिलं, आणि परत बसले.

"नही उतरता. आखरीतक जाता," ते म्हणाले आणि पुढचं तिकीट मागितलं.

इकडे चारमिनारपाशी अक्षयनं बापाला फोन लावला. तो सोनूच्या हातात वाजला. मग काय, एकच गोंधळ. विमलताई रडायच्या बेतात. भीमराज एकच वाक्य म्हणत होता, "बेल तं झालती ना भाऊ." अक्षय पोलीस चौकी शोधायला निघाला. विजयमाला मात्र सुनेला घेऊन बांगड्यांच्या गल्लीत शिरली.

"आई, मामाजी हरवलेत!" सुरभी म्हणाली.

"हरवाले ते का लेकरू हाये? जेथं बस जाते, तेथून ते येईन. तू हा हिरवा रंग पाय."

दोन तासांनी पुंडलिकराव आले. अक्षयनं तोंड सोडलं, सुरभीनं पाणी दिलं, विमलताईंनी पेरू दिला. हे गरीब चेहरा करून म्हणाले, "बस चुकली, बाप्पा. परका गाव."

पण इराणी चहाच्या टेबलावर विजयमालेनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. चुकलेल्या माणसाचं तोंड इतकं टवटवीत नसतं.

"खरं सांगा. कुठं गेलते?"

पुंडलिकरावांनी इकडं-तिकडं पाहून हळूच सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, आता ही चारचौघांत उद्धार करणार. तिनं बशीतला चहा संपवला.

"मंग मले काहून नाही नेलं?"

दुसऱ्या दिवशी सगळे म्युझियम पाहायला गेले. हे दोघं गेले नाहीत. "गुडघे दुखतेत," दोघांनीही सांगितलं, आणि मंडळी दिसेनाशी होताच समोर आलेली पहिली बस पकडली. खिडकी विजयमालेनं घेतली. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, उतरून भजी खाल्ली, तिथून दुसरी बस धरली, ती कुठं जाते हे विचारलंसुद्धा नाही.

दुपारी सोनूनं विचारलं, "आजोबा, तुम्ही काय पाहिलं?"

"तलाव," ते म्हणाले. "केवढा मोठा!"

"कायचा तलाव?" विजयमाला म्हणाली. "नाला होता तो. तुमाले खिडकीतून दिसला तरी कसा, मी बसली होती ना मधात?"

परतीच्या वाटेवर नांदेड येईपर्यंत त्यांचा तोच वाद चालू होता.