उंबऱ्यात बसलेली मोठीमाय

मोठीमाय मूल कानांनी सांभाळायची. नांदुऱ्यात आमच्या गल्लीत लहानथोर सगळेच तिला मोठीमाय म्हणत. आम्ही दोघंही नवरा-बायको शिक्षक, दोघांचेही आईवडील दूर. म्हणून अकरा महिन्यांची मुक्ता शाळेच्या वेळात तिच्याकडे राहू लागली. तिची अट एकच होती. "पोरीच्या पायात वाळे घाला मास्तर, घुंगराचे." मला ती जुन्या माणसांची हौस वाटली.

मुक्ता तेव्हा रांगायची, धरून उभी राहायची आणि जमिनीवर सापडेल ते तोंडात घालायची. मोठीमाय भिंतीला टेकून, खाली मान घालून लसूण सोलत असे. मान वर न करताच म्हणे, "मुक्ते, चुलीकडं नको जाऊ." मुक्ता खरोखरच चुलीकडे निघालेली असे. "आवाज हाय तोवर चिंता नाही," ती मला सांगे. "लेकरू चूप झालं का समजायचं, काहीतरी करून राह्यलं."

मी बालसंगोपनाची दोन-तीन पुस्तकं वाचून काढली होती. त्यांवरून कागदावर वेळापत्रक लिहून तिला दिलं: दहाला केळं, साडेअकराला मऊ खिचडी, मग झोप. "वाचून दाखवा," ती म्हणाली. "चष्मा कुठी ठेवला देव जाणे." तिला चष्मा लावलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, पण तेव्हा ते मनात आलं नाही. वाचून झाल्यावर हसली. "घड्याळ लेकराले समजते का मास्तर?" कागद मात्र तिने नीट घडी घालून कमरेच्या बटव्यात ठेवला.

मूल पडलं की मी धावायचो. तिला ते आवडत नसे. "पहिले आयका. भेलं म्हणून रडते का लागलं म्हणून रडते?" मला दोन्ही रडणी सारखीच वाटत. ती क्षणभर कान देई आणि म्हणे, "भेली फक्त. उठते आता." मुक्ता उठे.

एके सकाळी अंघोळ घालताना बायकोला दिसलं की वाळे घट्ट झाले आहेत, घोट्यावर वळ उठलाय. तिने ते काढून कपाटात ठेवले. घाईत मोठीमायला सांगायचं राहून गेलं. मुलगी दारातून तिच्या हातात दिली आणि मी शाळा गाठली.

पाच वाजता परतलो तर मोठीमाय उंबऱ्यात आडवे पाय पसरून बसली होती. पाठ चौकटीच्या एका बाजूला, तळवे दुसऱ्या बाजूला. अंगणातली बादली रिकामी करून उलटी ठेवलेली. मुक्ताचा डबा तिच्या मांडीशी होता, रिकामा. सून वावरात जाताना वाढून ठेवे ते तिचं स्वतःचं ताट झाकलेलं तसंच होतं. सून गेल्यावर त्या दिवशी चूलही पेटलेली नव्हती.

"मास्तर, आले का?" तिचा आवाज कोरडा पडला होता. "लेकरू कुठी हाय पाहा बरं. आतच हाय ना?"

मुक्ता तिच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती. दाराला धरून, लसणाची पाकळी चघळत.

मी पाकळी काढून घेतली आणि मुलीला उचललं. मग विचारलं, "कधीपासून?"

"दोन वरसं. काचबिंदू हाय. आता उजेड तेवढा समजते." मग ती म्हणाली, "आज घुंगरू वाजले नाही. टाळी वाजवली का येत होती खायाले, मंग पुन्हा चूप. म्हटलं, दार सोडाचं नाही."

"सांगितलं का नाही मला?"

"सांगतलं असतं तं पोरगी देली असती का तुमी?"



सोमवारपासून मुक्ता पाळणाघरात जाऊ लागली. मोठीमायला सांगायला गेलो तेव्हा मनात वाक्यं जुळवून नेली होती. तिने ती पुरी होऊ दिली नाहीत. "बराबर केलं. माही नात असती तं म्याबी देली नसती." मग हात पुढे करून मुक्ताचा पाय चाचपला, घोटा दोन बोटांत धरून पाहिला. "भरली पोरगी. शनवारी आणत जा."

आम्ही नेत असू. महिन्या-दीड महिन्यात मुक्ता चालू लागली. मोठीमाय तिला अंगणाच्या टोकाला उभी करायला सांगे. "चाल आता. मले आयकू आलं पाहिजे बरं." मग मुक्ता पाय आपटत, डुलत तिच्यापर्यंत येई. म्हातारी तोंड वर करून तो आवाज ऐकत राही.

पुढच्याच हिवाळ्यात मोठीमाय गेली. भेटायला गेलो तेव्हा तिच्या सुनेने माझा कागद परत दिला. घड्यांवर तो फाटला होता. "तुमची पोरगी होती तोवर रोज सकाळी मले वाचाले लावत," सून म्हणाली. "वावरात जायाले उशीर होये, पण ऐकल्याबिगर सोडत नव्हती."

मुक्ता आता सहा वर्षांची आहे. मोठीमायचा चेहरा तिला आठवत नाही. पण आपल्या काय, कुणाच्याही घरात शिरताना ती उंबऱ्याशी दोनदा पाय आपटते. बायको म्हणते, ही सवय मोडायला हवी. मी पुस्तकातून मान वर न करता ऐकत राहतो. मुलगी घरात आली, एवढं कळतं.