भरलेली टाकी

गाडी गॅरेजात आली की मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसत. चालवणाऱ्याला दारातल्या लाकडी स्टुलावर बसवत आणि विचारत, "आवाज चढावर येतो की उतारावर? काल कुठं गेला होतात? पेट्रोल कधी भरलंत?" घाईतलं गिऱ्हाईक वैतागे. "अहो मिस्त्री, बिघडलीय गाडी, मी नाही!" मिस्त्री शांतपणे म्हणत, "तिला तोंड नाही, तुम्हाला आहे. निम्मी दुरुस्ती या स्टुलावरच होते."

पस्तीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो सख्ख्या भावासाठी.

दादा त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मिस्त्री आठ वर्षांचे होते. दादा शिक्षण सोडून इस्पितळाच्या अँब्युलन्सवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि त्यांनी धाकट्याला वाढवलं, गॅरेजात कामाला लावलं, स्टिअरिंग धरायला शिकवलं. अँब्युलन्सवर त्यांनी अडतीस वर्षं काढली. त्यांची गाडी पेट्रोल संपून रस्त्यात उभी राहिली, असं एकदाही झालं नाही. फेरी संपली की आधी पंप, मग इस्पितळ, हा त्यांचा शिरस्ता. पाळी संपली की पुढच्या ड्रायव्हरच्या हातात चावी ठेवून ते मोठ्यानं म्हणत, "टाकी फुल, तक्रार नाही." निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि तिलाही तसंच सांभाळलं. दादांकडून ती गाडी काढून घेणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून वय झालं तरी तो विषय कोणी काढत नसे.

एका सकाळी दादा त्या गाडीतून आले. "छोट्या, बघ रे, हा कोण डोळे वटारून बसलाय माझ्यावर!" डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता.

शेजारच्या सीटवर वहिनी होत्या, पर्स घट्ट धरून. मिस्त्रींना नवल वाटलं. वहिनींना गाडी लागायची. माहेरी जायचं तरी वाटभर लिंबू हुंगत.

"म्हातारपणी बाईसाहेबांना फिरायची हौस आलीय," दादा म्हणाले. "दूध आणायला निघालो तरी या आधी गाडीत."

"तर काय! तुमच्या गाडीचा वारा लागल्याशिवाय अन्नच पचत नाही मला," वहिनी म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

स्कॅनर लावला. टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये अशी एक बंदिस्त वाट असते, त्या वाटेत बिघाड दाखवत होता. मिस्त्रींनी टाकीचं झाकण बदललं, दिवा विझवला. पाचव्या दिवशी दादा पुन्हा दारात. मग रबरी नळी बदलली, मग व्हॉल्व्ह, मग वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा. दर वेळी चार-पाच दिवसांची शांतता आणि पुन्हा तोच पिवळा डोळा. शेवटी मिस्त्रींनी गाडी आठवडाभर स्वतः चालवली. दिवा एकदाही लागला नाही.

"माझ्याकडे शहाणी आणि तुझ्याकडे नाठाळ, असं कसं?"

"तू ओरडतोस तिच्यावर, मी लाड करतो," दादा म्हणाले.

शेजारचा टायरवाला सगळं बघत होता. "मिस्त्री, दादांना बसवा की एकदा तुमच्या त्या स्टुलावर."

"ज्यानं मला क्लच दाबायला शिकवलं त्याची उलटतपासणी करू?" मिस्त्री फटकन म्हणाले.

पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा दादा गाडी गॅरेजात सोडून, सवयीनं चावी खिशात घालून घरी गेले आणि मिस्त्री गाडीखाली शिरले. महिन्यापूर्वी बसवलेला नवा डबा त्यांनी सोडवला आणि हातात तोलला. डबा जड होता. हलवला तर आत पेट्रोल डुचमळलं. तिथं फक्त वाफ जायची. पेट्रोल पोचतं ते टाकी गच्च भरल्यावरही कोणी आणखी ओतत राहिलं तर. आणि एकदा नव्हे, पुन्हापुन्हा.

हात पुसून ते चालतच पंपावर गेले.

"दादा ना? रोज येतात की," पंपवाला म्हणाला. "कधी दोनदा, कधी तीनदा. टाकी फुल आहे म्हटलं तरी ऐकत नाहीत. म्हणतात, पेशंट वाटेत असला म्हणजे? मग काठोकाठ भरायला लावतात." त्यानं नळी जागेवर अडकवली. "रागावू नका मिस्त्री, पण परवा त्यांनी मला विचारलं, घर कुठल्या हाताला? मग काकूंनीच हात करून दाखवलं."

मिस्त्री दुपारी भावाच्या घरी गेले. दादा खिडकीशी खुर्चीत बसले होते, वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मिस्त्रींनी दादांसमोर स्टूल ओढलं. इतक्या वर्षांत सवयीचा झालेला प्रश्न त्यांनी या माणसाला पहिल्यांदाच विचारला.

"दादा, पेट्रोल शेवटचं कधी भरलंस?"

"झाले की चार-पाच दिवस. बरी आठवण केलीस. चल, आत्ताच जाऊन येऊ."

वहिनींचे हात थांबले. त्या सकाळीच तर टाकी भरली होती.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मिस्त्रींनी स्वयंपाकघरात हळू आवाजात विचारलं.

"वर्ष होईल. मी शेजारी बसून वळणं सांगते. सिग्नल सांगते. डोळे गरगरतात, पण सांगते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "भाऊजी, गाडी गेली तर त्यांच्यात उरेल काय? परवा एक पोर सायकलवरून मध्ये आलं. मी ओरडले म्हणून. नाहीतर..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. मिस्त्री बाहेर आले. गाडी बिघडलीय, आठ दिवस लागतील, असं खोटं सांगता आलं असतं. पण आठ दिवसांनी पुन्हा सांगावं लागलं असतं, आणि या माणसाशी ते कधी खोटं बोलले नव्हते.

"दादा," ते म्हणाले, "तुझी पाळी संपली."

दादांनी वर पाहिलं. मग खुर्चीचे हात धरून उठले, खिशातून चावी काढली, सदऱ्याला पुसली आणि धाकट्याच्या तळहातावर ठेवली.

"टाकी फुल," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. "तक्रार नाही."

दादांना सगळं कळलं होतं, का मनानं ते अजून इस्पितळाच्या अंगणात अँब्युलन्सपाशी उभे होते, हे मिस्त्रींना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यांनी फक्त मूठ मिटली.

गाडीला दुसरा डबा बसला. दिवा पुन्हा कधी लागला नाही. आता रोज संध्याकाळी वहिनी दादांना चालवत गॅरेजपर्यंत आणतात. दादा आपणहून स्टुलावर बसतात, पांढऱ्या गाडीकडे बघतात आणि विचारतात, "कोणाची रे ही? काय झालंय हिला?"

मिस्त्री पाना खाली ठेवतात, समोर उकिडवे बसतात.

"तेच विचारायचंय. काल कुठं गेला होतास, दादा?"

आणि दादा सांगू लागतात, कुठल्याशा तीस वर्षांपूर्वीच्या फेरीची हकीगत, वळणावळणासकट, एकही वळण न चुकता.