पुढच्या सीटसमोरचा गणपती

पट्टीश्वरम् मागं पडलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पहाटे चारला कुंभकोणमहून निघालो होतो आणि अजून निम्म्याहून जास्त वाट बाकी होती. एकोजीराव माझ्यापुढं चार पावलं चालत होते. दर थोड्या वेळानं खिशातला फोन काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. मला वाटलं, लेकीची काळजी. सातवा महिना म्हटल्यावर बापाला ती असणारच.

नवस त्यांच्या बायकोचा, भवानीअक्कांचा होता. अक्षया त्यांची एकुलती एक. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात गेलं. या खेपेला सातवा लागला, की घरातलं कुणीतरी तिरुक्करुगावूरला चालत जाऊन आईच्या पायाशी ठेवलेलं तेल आणील, असं त्या बोलल्या होत्या. तिथली देवी गर्भाची राखण करते. ते तेल बाळंतपणाआधी पोटाला लावतात. पण अक्कांच्या गुडघ्यांनी ऐनवेळी दगा दिला. त्या बसनं येणार होत्या, चालायला एकोजीराव. बाईचं पाऊल पण पडायला पाहिजे असं अक्कांच्या मनात होतं, म्हणून मी म्हटलं, मी जाते. अकरा वर्षांचा शेजार आहे, एवढं तर करायलाच पाहिजे.

आम्ही मूळचे आटपाडीकडचे. आमच्यातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याच्या कामात, गावोगाव पांगलेली. तसे आम्ही कुंभकोणमला आलो. मराठी शाळेतली सातवी पास बाई मी, इथं तोंड उघडायची चोरी. तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानातला माणूस, म्हणजे हेच एकोजीराव, बायकोला म्हणाला, "त्यांस पाणी पाहिजे काय म्हणून विचार." मी दारातच उभी राहिले. पोथीतली माणसं बोलतात तसं ते बोलणं. तंजावरच्या राजांबरोबर यांचे पूर्वज आले आणि भाषा तिथंच राहिली. मी त्यांच्या मराठीला हसायचे, तर ते म्हणायचे, "तुम्हांकडची भाषा घाईंत जेवल्यासारखी, वैनी. अर्धें सांडते."

एकोजीरावांचे आजोबा जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, गाद्या शिवायचे. वडील बसच्या सीटा शिवायचे. एकोजीराव मोटारींच्या सीटा, दारं, डॅशबोर्ड सगळं मढवून देतात. जुनी गाडी घेणारी माणसं मोबाइलवर फोटो घेऊन येतात, अशी करा म्हणतात. तीन पिढ्यांचा एकच नियम, शिवण दिसता कामा नये. इतरांच्या कामात डॅशबोर्डवर दोन-तीन जोड दिसतात. यांच्या कामात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कातडं, हात फिरवला तर लोण्यासारखं. आणि त्याच्यावर, ड्रायव्हरशेजारच्या पुढच्या सीटच्या समोर मधोमध, स्वामीमलैच्या कारागिराकडून आणलेला वीतभर ओतीव पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती. तो ते स्वतःच्या पैशानं बसवायचे. देव बसल्याशिवाय गाडी दुकानातून हलत नसे. आमच्या गाडीत पण बसवला होता.

सात वाजता फोन लागला. पलीकडं जावई होता, जयकुमार. दोघं त्रिचीहून गाडीनं परस्पर देवळात येणार होती. एकोजीरावांनी काय विचारलं ते तमिळमध्ये होतं, पण आता मला कळतं. निघालात का? अक्षया कुठं बसलीय? तो म्हणाला असावा, पुढं, झोपलीय. कारण एकोजीराव रस्त्याच्या मधेच थांबले. मग नुसतं म्हणाले, हळू चालव. परत म्हणाले, हळू चालव बाबा. आणि फोन बंद केला.

त्यांचा चेहरा बघून मी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाले. कालव्याच्या पुलापर्यंत काही नाहीच म्हणत राहिले. पुलावर मात्र कठड्याला हात धरून उभे राहिले.

"मी सांगायला पाहिजे होतें, वैनी. नऊ दिवस झाले."

मग चालता चालता त्यांनी सांगितलं. मधेमधे थांबत सांगितलं, ते मी एकत्र करून लिहिते.

नऊ दिवसांपूर्वी कृष्णमूर्ती नावाचे कापड दुकानदार त्यांच्याकडं आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि रुमालात गुंडाळलेला पिळ्ळैयार. त्यांची गाडी पापनाशमजवळ एका मोरीवर आदळली होती. एकटेच होते, छातीला मुका मार लागला, बाकी काही नाही. ते हात जोडून म्हणाले, देवानं माझ्यावरचं अंगावर घेतलं, बघा सोंड मोडली. त्यांना मूर्ती नीट करून हवी होती. एकोजीरावांनी विचारलं, मूर्ती सापडली कुठं? ते म्हणाले, शेजारच्या सीटच्या डोकं टेकायच्या उशीत. पार आत रुतून बसली होती, ओढून काढावी लागली.

सीट रिकामी होती म्हणून पेढे.

मला तोवर हे काही ठाऊक नव्हतं. पुढच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या पोटात, एक पिशवी घडी घालून ठेवलेली असते, एअरबॅग. धडक बसली की पापणी लवायच्या आत ती फुगून बाहेर येते आणि माणसाला झेलते. बाहेर यायला तिला झाकण असतं, आणि ते झाकण फाटावं म्हणून त्याला एक पातळ रेघ पाडलेली असते. एकोजीरावांचा देव त्या झाकणावर बसलेला. बंदुकीच्या तोंडावर ठेवावा तसा. आणि कातडं अखंड. एक तर पिशवी अडकणार, नाही तर सगळं उपसून अंगावर येणार.

"पण तुम्हाला ते झाकण दिसत नव्हतं का हो?" मी विचारलं.

त्यांनी हवेतच सपाट हात फिरवला, डॅशबोर्डवरून फिरवावा तसा. मग म्हणाले, "दिसत होतें. त्यावर अक्षरें अहेत, कातड्यांतून उठून दिसतात. ती रेघहि दिसत होती. शिवणीसारखी. मी पुट्टी भरलों, वैनी. घासून सपाट केलों."

पहिल्या गाडीच्या वेळी त्यांनी एका शोरूमच्या वायरमनला विचारलं होतं. तो म्हणाला, काही होत नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. दुसरा काय म्हणेल, याची तेव्हाच थोडी भीती होती, असं त्यांनीच मला सांगितलं.

मला एकदम आमची गाडी आठवली. मागच्या आठवड्यात ते घरी आले होते, गोंद वाईट निघाला म्हणाले, कातडं फुकट बदलून देतो. मी तेव्हा चिडले होते, चांगलं आहे ते कशाला काढता म्हणून. चार वर्षं त्या सीटवर मी बसत होते. गणपतीकडं बघत, हात जोडून.

"म्हणजे गोंद वाईट नव्हता," मी म्हटलं.

"गोंद बेष होता."

कृष्णमूर्तींची सोडून अजून अकरा गाड्या होत्या. सगळ्यांना त्यांनी गोंदाचंच सांगितलं. झाकण असलेला सगळा भाग नवा घालायचा, पिशवी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायची, आणि वर काही मढवायचं नाही, असं करत सहा झाल्या. लोक कुरकुरतात, मधे काळा चौकोन कसा दिसतो म्हणून. चार जण दिवाळीनंतर बघू म्हणाले. अकरावी लेकीची. लग्नात जावयाची जुनी गाडी त्यांनी स्वतः आतून मढवून दिली होती. सासरच्या माणसांनी दारं उघडून उघडून बघितली होती.

अक्षयाला पण त्यांनी गोंदाचं कारण सांगितलं. ती म्हणाली, आता नको अप्पा. पोटुशी बाई घरात असली की मोडतोड करत नाहीत, खिळा पण ठोकत नाहीत, आणि तुम्ही देव हलवायचा म्हणता? पहिलं गेल्यानंतर ती रोज सकाळी गाडीत बसून त्या पिळ्ळैयारला हात लावते. हे राहिलंय ते त्याच्यामुळं, असं तिनं मनाशी धरलंय. तिला काय सांगायचं? की तोच तुझ्या पोटावर येईल? ऐकूनच तिला काही झालं तर? म्हणून ते गप्प राहिले. मागं बस, रेल्वेनं ये, असं सांगून बघितलं. मागं बसलं की मला मळमळतं, ती म्हणाली.

मी म्हटलं, आत्ता फोन लावा. मी बोलते. त्यांनी लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. जयकुमार गाडी चालवताना फोन घेत नाही, शहाणा मुलगा. आधीचा बहुतेक वाटेत चहाला थांबल्यावर घेतला असेल. अक्षयाचा फोन तिच्या पर्समध्ये, आवाज बंद असणार.

त्यानंतरचं चालणं मला नीट आठवत नाही. दोन्हीकडं भाताची खाचरं होती, बगळे होते. मी मनात देवीचं नाव घेत होते आणि मधेच त्रिचीचा रस्ता डोळ्यांसमोर येत होता. वाळूचे ट्रक, आडवी येणारी कुत्री, तंजावरच्या अलीकडचं वळण. जोरात ब्रेक लागला तर? मागून कुणी धडकलं तर? बस दिसली तेव्हा मी म्हटलं, बसूया. एकोजीराव म्हणाले, बसनें गेलों तर ते आधीं पोंचतील काय? चालणें तेवढें हातांत अहे. आणि ते इतक्या झपाट्यानं चालायला लागले, की मला पदर खोचून पळावं लागलं. एका टपरीजवळ दोन माणसं कुठल्याशा अपघाताबद्दल बोलत होती. एकोजीराव त्यांच्याकडं वळले, आणि विचारायचं धाडस न होऊन तसेच पुढं गेले. मी विचारलं. कालची गोष्ट होती, मोटरसायकलची. कुणाचं तरी लेकरू असेल, पण आपलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. देव मला क्षमा करो.

दहा वाजून गेल्यावर देवळाचं गोपूर दिसलं. रस्त्याकडेला चिंचेच्या सावलीत ती गाडी उभी होती. पांढरी, धुतलेली. काचेला काही झालेलं नव्हतं. पुढचं दार उघडं, आणि अक्षया आत बसलेली. देवाला हात पोचावा म्हणून सीट पुढं ओढून घेतली होती. पोट जवळजवळ डॅशबोर्डला लागत होतं. समोर तो पिळ्ळैयार, जास्वंदीचं फूल वाहिलेला. दोहोंत माझ्या हाताच्या वितीएवढं अंतर असेल.

"अप्पा, किती घाम," ती हसून म्हणाली. "नवस अम्मेचा, आणि धावत तुम्ही आलां."

एकोजीरावांनी तिचा हात धरून तिला खाली उतरवलं. जरा जोरातच. भवानीअक्का आधीच आल्या होत्या, त्या रागावल्या. एकोजीरावांनी गाडीचं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले, कुणी उघडू नये तसे.

दर्शन झालं. तेलाची बाटली मिळाली, अक्कांनी ती अक्षयाच्या ओटीत घातली. मी देवीपुढं काही मागितलं नाही. इथवर आणलीस, एवढंच म्हटलं. बाहेर मंडपात सगळे टेकले. जयकुमार म्हणाला, ऊन वाढायच्या आत निघू, कुंभकोणमला जेवायलाच जाऊ. किल्ली त्याच्या हातात होती.

एकोजीरावांनी मला खांबाआड बोलावलं. प्रदक्षिणेच्या वाटेवरून बायका जात होत्या, म्हणून ते हळू बोलत होते. त्यांची बोटं बघितली मी. चाळीस वर्षं सुई धरलेली बोटं, ती सदऱ्याच्या खिशावरून पुन्हा पुन्हा फिरत होती.

आधी वाटलं, ते म्हणतील, वैनी, तुम्ही सांगा तिला. मी तयारी केली होती. पण ते तसं म्हणाले नाहीत. मागच्या आठवड्यातलं विचारायला लागले. आमच्या गाडीतला देव काढायच्या आधी मी त्यांना थांबवलं होतं. देवाला असं खरवडून काढत नाहीत, म्हटलं होतं. घरातून अक्षता आणल्या होत्या, त्याच्या हातावर दही ठेवलं होतं, परत या म्हणून अक्षता टाकल्या होत्या आणि मूर्तीला हात लावून जराशी हलवली होती. गौरी-गणपतीच्या वेळी आम्ही करतो तसंच. एकदा तसा निरोप दिला की पुढं मूर्ती उचलायला दोष नाही. ते सुरी हातात घेऊन बघत उभे होते.

"तें मोडणें नव्हे, होय ना?" त्यांनी विचारलं.

"मोडणं नव्हे," मी म्हटलं. "पाहुण्याला वाटेला लावणं. उलट मानाचं आहे."

त्यांनी मान हलवली. मग सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. उघडली तर तांदूळ. पहाटे निघताना घरूनच घेतले असावेत. म्हणजे एवढी सगळी वाट ते खिशात घेऊन चालले होते.

"कारण मी सांगतों," ते म्हणाले. "पुट्टीचें, रेघेचें, अस्कें सांगतों. जांवयासमोर सांगतों. तुम्ही तेवढें तिच्या हातून देवाला निरोप द्यायला लावा, वैनी. मी झाकलेलें मी उघडीन. पण देवाला ऊठ म्हणून सांगायला मज तोंड नाही."