मिशनच्या देवळाची हजेरी

भवानीनगर ओलांडून इंदापूरकडं निघालं, की कालव्याच्या अंगाला एक खताचं गोदाम लागतं. निळे पत्रे, उंच भिंत, लोखंडी फाटक. तिथं काळ्या दगडाचं चर्च होतं, हे आता सांगावं लागतं. गावात त्याला चर्च कोणी म्हणायचं नाही, मिशनचं देऊळ म्हणायचे. त्याचा राखणदार गेणू रणपिसे. देऊळ कोणी पाडलं म्हणाल तर कागदावर एका ट्रस्टचं नाव आहे. गेणूला विचारलं असतं तर त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं असतं, आणि त्याला खोटं म्हणायची कोणाची छाती झाली नसती.

एकोणीसशे सालच्या छपन्याच्या दुष्काळात गेणूचा आजा पोटासाठी अमेरिकन मिशनच्या कामावर आला. त्यानं या देवळाचा पाया खणला, गेणूच्या बापानं ते जन्मभर झाडलं, आणि गेणूच्या हाती केरसुणी आणि किल्ली दोन्ही आली. पाळक महिन्यातनं एकदा बारामतीहून फटफटीवर यायचे. बाकीचे रविवार गेणूचे. या मिशनच्या मंडळ्यांत वर कोणी बिशप-बिशप नसायचा. काही ठरवायचं झालं की मंडळीनं हात वर करायचे, झालं.

तिथली एक रीत होती. प्रभुभोजनाच्या रविवारी राखणदारानं पटावरची नावं मोठ्यानं वाचायची आणि ज्यानं त्यानं उभं राहून म्हणायचं, "हजर, प्रभूच्या कृपेनं." कोणी वारलं, की तिरडी आधी देवळात आणायची, व्यासपीठापुढं फरशीवर ठेवायची. मग गेणूनं त्या माणसाचं नाव शेवटचं पुकारायचं, आणि त्याच्या वतीनं सगळ्यांनी मिळून "हजर" म्हणायचं. त्याशिवाय माती द्यायची नाही. गेणूनं तीस वर्षांत कितीतरी जणांना असं पुकारलं होतं. त्याची बायको तानूबाई म्हणायची, "माझं नाव जरा खणखणीत घ्या हां. बारीक आवाजात पुकारलंसा तर उठून बसंन."

आता यातली गंमत ऐका. देवळाच्या पटावर गेणूचं नाव होतं गिदोन. रेशनकार्डावर गेणू, आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार. मंडळीतल्या अकराच्या अकरा घरांचं असंच. ख्रिस्ती लिहिलं की सवलत गेली, मग पोरांनी शिकायचं कसं? शेजारचे साहेबराव एकोणीसशे छपन्न साली बौद्ध झालेले. ते चिडवायचे, "गेणूतात्या, नव्वद साली दिल्लीनं आमा बौद्धांची सवलत बी मान्य केली. तुमच्या देवाचा दिल्लीत वशिला कमी पडतुया." गेणू हसायचा. देव मन बघतो, दाखला बघत नाही, असं तो म्हणायचा. दाखला बघणारेही कोणी असतात, हे तो विसरला नव्हता, पण आठवूनही करणार काय?

किल्लारीला भूकंप झाला त्या पहाटे देवळाच्या दारावरची कमान तडकली. गेणूनं नात सुकन्याकडून, देवळाची जागा ज्याच्या नावावर होती त्या शहरातल्या ट्रस्टला पत्र लिहवून घेतलं, 'मायबाप, एकदा येऊन बघा, दुरुस्ती करा.' एक नाही, तीन पत्रं. उत्तर नाही. सुकन्या तेव्हा बारामतीत मास्तरणीच्या कोर्सला होती, राखीव जागेवर. पुढच्या उन्हाळ्यात ती घाबरीघुबरी होऊन आली. "आबा, कॉलेजात सांगितलंय, दाखल्याची घरी येऊन चौकशी व्हनार हाय."

आणि त्याच आठवड्यात बॅगवाला माणूस आला.

पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यानं आपण कुठला ते सांगितलं नाही. गेणूनं विचारलं नाही. बॅगवाल्या माणसाला तू कोण म्हणून विचारायची आपल्याकडं रीत नाही. तो साहेबरावांच्या ओट्यावर पाणी पीत बसला, तेवढ्यात गेणूनं अकरा घरी निरोप फिरवला: चौकशीवाला आलाय, तोंड सांभाळा. स्वतः घरात येऊन भिंतीवरच्या क्रुसावर सदरा टांगला.

"इथं ख्रिस्ती घरं किती?" माणसानं विचारलं.

"हितं ख्रिस्ती कुणी न्हाय, सायेब."

"मग देवळात येतं कोण?"

"कबुतरं येत्यात," गेणू म्हणाला, आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश झाला. माणसानं ते कागदावर उतरवलं, आणि गेणूनं खाली सही केली: गेणू रणपिसे. माणूस अकरा दारं फिरला. अकरा दारांत तेच उत्तर. तानूबाई त्या दिवशी जेवली नाही. "देवाच्या सावलीला बसून देवाला न्हाय म्हनलासा," एवढंच बोलली.

सहा महिन्यांनी पाळकच ट्रस्टचं पत्र घेऊन आले. इमारत धोकादायक. ठिकाणी मंडळी उरलेली नाही. राखणदाराच्याच सांगण्याप्रमाणे कबुतरांखेरीज कोणी येत नाही. जागा विकण्यात येत आहे.

पाळकांनी हे वाचून दाखवलं तेव्हा बॅगवाला ट्रस्टचा होता हे गेणूला कळलं. ज्याला तीन पत्रं घालून बोलावलं, त्यालाच त्यानं दारातून परतवलं होतं. दाखल्याच्या चौकशीला कोणी आलंच नव्हतं, आणि सांगून टाकतो, पुढंही कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीचा पट काखोटीला मारून तो ट्रस्टच्या ऑफिसात गेला. तिथला साहेब काही वाईट नव्हता. त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. "काका, अकरा घरं ख्रिस्ती आहेत असं सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहून आणा. मी विक्री थांबवतो." इतकं सोपं होतं. इतकं सोपं असायला नको होतं.

रविवारी देवळात सभा भरली. गेणूनं कागद व्यासपीठावर ठेवला आणि विचारलं, "कोन कोन सही करनार? हात वर करा."

एकाचा पोरगा एसटीत राखीव जागेवर लागलेला. एकाची सून ग्रामपंचायतीत राखीव वॉर्डातून निवडून आलेली. कोणाचं पोर वसतिगृहात. सगळे फरशीकडं बघत राहिले. बायकांच्या बाजूला एकच हात वर झाला, तानूबाईचा. ती नवऱ्याकडं बघत होती. गेणूला सुकन्याचं शेवटचं वर्ष दिसत होतं, अवघे पाच-सहा महिने. त्याचा हात गुडघ्यावरून उचलला गेला नाही. ज्या हातानं तीस वर्षं देऊळ झाडलं तो हात. मला त्याचा राग येतो, आणि लगेच वाटतं, त्याच्या जागी मी असतो तर कुठला मोठा शूर लागून गेलो होतो!

तानूबाईनं हात हळूच खाली घेतला आणि पदर सारखा केला. ते त्या देवळातलं शेवटचं मतदान.

पंच्याण्णव साली देऊळ पाडलं. पहारी लावल्या तेव्हा भिंत हटेना. तडकलेली होती ती फक्त कमान. पाडणाऱ्यांनीच सांगितलं, बांधकाम आणखी शंभर वर्षं हललं नसतं. काळे दगड ट्रॉल्या भरभरून कोणाकोणाच्या विहिरींना गेले. सुकन्या मास्तरीण झाली. पहिल्या पगाराचं लुगडं तिनं आजीला आणलं. आजीनं ते घडी न मोडता ट्रंकेत ठेवलं.

सत्त्याण्णवच्या माघात तानूबाई गेली. तेच लुगडं तिला नेसवलं.

तिरडी निघाली. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण खांदेकरी जुन्या वाटेनं चालत चालत आपोआप गोदामाच्या फाटकापुढं थांबले. तिरडी खाली ठेवली. सगळ्यांची तोंडं गेणूकडं वळली. गेणूनं डोक्याचं मुंडासं काढलं. घसा खाकरला. खणखणीत पुकारायचं होतं.

"ए आबा!" फाटकातनं रखवालदार आला. परगावचा, तरणा गडी. "मयत हितं का ठिवली? ट्रक यायच्यात. कोन तुमी लोक?"

गेणूनं आयुष्यात पहिल्यांदा बॅगवाल्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. "आमी ख्रिस्ती हाय, बाळा. हितलीच मंडळी. हितं आमचं देऊळ हुतं."

रखवालदार हसला नाही, उर्मटपणाही केला नाही. त्याला ठाऊक होतं तेवढं त्यानं सांगितलं. "काय तरी गफलत व्हतीया तुमची. हितं ख्रिस्ती कुणी नव्हतंच. मालकांकडं तसा कागुद हाय, गावातल्याच मानसाच्या सहीचा."

अकरा घरांतली माणसं उभी होती. गेणूनं तोंड उघडलं, दोनदा उघडलं. ज्या सहीनं इथं कोणी नव्हतं असं ठरलं, तिच्यापुढं हजर कोणाला म्हणायचं? मागून ट्रकनं हॉर्न दिला. साहेबरावांनी पुढं होऊन गेणूच्या खांद्याला धरलं आणि खांदेकऱ्यांनी तिरडी उचलली.

तानूबाईला माती दिली ती नाव न पुकारता.