सोनबाजींचा हेलमगर

पुण्याहून नागपूरची गाडी सुटली तेव्हा मला वाटलं, आपण आजारी पडायला हवं होतं. साधा ताप आला असता तरी भागलं असतं. पण माझी तब्येत अडीअडचणीला कधी उपयोगी पडलेली नाही.

मी अद्भुतकादंबऱ्या लिहितो. दोन भाग छापून झाले, तिसरा अर्धवट आहे. त्यांत हेलमगर नावाचा एक जलराक्षस आहे. वरून रेडा, खालून मगर, तलावाच्या तळाशी राहतो आणि रविवारी उपास करतो. तो मला सुचला आमच्या सोसायटीच्या टाकीत बेडूक पडला त्या सकाळी. पण हल्ली वाचकांना राक्षससुद्धा अस्सल लागतो, मातीतला, लोककथेतला. म्हणून मी प्रस्तावनेत ठोकून दिलं की, ही कथा मला कुही तालुक्यातल्या एका तलावकाठच्या गावी सोनबाजी नावाच्या वृद्ध शेतकऱ्याने सांगितली. कुही मी नकाशात पाहिलं होतं, तेही घाईघाईत.

त्या भागात गावोगाव तलाव आहेत आणि गावोगाव सोनबाजी. मला तीन सोनबाजींच्या घरून पत्रं आली. दोन घरांनी पुढे नाद सोडला. तिसरं पत्र निर्मलाताईंचं होतं, आणि त्या काही सोडेनात. त्या नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होत्या, आता निवृत्त. त्यांचे वडील सोनबाजी काही वर्षांपूर्वी वारले. बायको गेल्यावर शेवटची सहा वर्षं ते कुणाशी बोललेच नव्हते, हो-नाहीपलीकडे शब्द नाही. मुलीशीही नाही. प्रस्तावनेत मी ठोकून दिलेलं भेटीचं साल नेमकं त्यांतलंच होतं. तुमच्याशी मात्र बाबा एवढं बोलले, असं ताईंनी लिहिलं होतं, म्हणून गावाने तुमचा सत्कार ठरवला आहे. याला नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगणार तरी कसं? मी तिकीट काढलं.

नागपूर स्टेशनवर ताई आणि त्यांचे यजमान विलासराव पाटी धरून उभे होते. पाटीवर माझं नाव नव्हतं, ‘हेलमगर’ एवढंच होतं. एका प्रवाशाने थांबून मला विचारलं की हे नवीन कीटकनाशक आहे का आणि धानाला चालतं का. विलासराव खोकले. ते बोलायच्या ऐवजी खोकतात, हे मला नंतर कळलं.

घरी सकाळी दहालाच गोळाभात (डाळीच्या वाटणाचे गोळे घातलेला भात) वाढला होता. त्यावर कडकडीत फोडणीचं तेल ओततात आणि नको म्हणायची पद्धत नाही. तीनदा घेतला. चौथ्यांदा वाढायच्या आधी ताईंनी एक वही उघडली. त्यात प्रश्न लिहिलेले होते, आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी जागा सोडलेली होती.

बाबा कुठं बसले होते? ओट्यावर, मी म्हटलं. खेड्यात ओटा असतोच. चहा घेतला का? घेतला. हसले का मधात? थोडेसे. ताई एकेक उत्तर सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहीत होत्या. मग त्यांनी पेन थांबवलं.

“माह्यं नाव काढलं होतं का बाबांनी?”

“हो,” मी म्हटलं. “दोनदा.”

त्यांनी ‘दोनदा’ लिहून त्याखाली रेघ ओढली. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली, पण गोळाभात गिळून झाला होता आणि शब्दही तोंडाबाहेर गेला होता.

सत्कार चार वाजता सोनबाजींच्या गावात होता. त्याआधी पुस्तक रामाच्या पायावर ठेवायचं म्हणून आम्ही रामटेकला निघालो. वाटेत ताईंनी मला नागपूरच्या राक्षसांची व्यवस्था समजावून सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची (कागद-कामट्यांच्या राक्षसिणीची) मिरवणूक निघते. कुणी म्हणतं ती पूतना, कुणी आणखी काही. लोक तिला ओरडून सांगतात, रोगराई घेऊन जा, पीडा घेऊन जा, आणि गावाबाहेर नेऊन तिला जाळतात. ताई दरवर्षी विलासरावांचा खोकला तिच्या हवाली करतात. विलासराव त्यावर खोकले. आम्ही कादंबरीकार राक्षस मारायला तीन भाग घेतो, इथे दुपारपर्यंत काम उरकतं.

रामटेकच्या गडावर वानराने माझ्या हातातलं पुस्तक ओढलं, वास घेतला आणि परत ठेवलं. इतका प्रामाणिक अभिप्राय मला अजून कुणी दिलेला नाही.

गडावर वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे. पृथ्वी पाण्याबाहेर काढणारा हा रानडुकराचा अवतार इथे चार पायांवर उभा आहे, आणि त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायची रीत आहे. पापी माणूस अडकतो म्हणतात. विलासराव खोकत गेले आणि खोकतच पलीकडे निघाले. गुडघे दुखणाऱ्या ताई पदर खोचून गेल्या, त्याही निघाल्या. मग मी शिरलो. डोकं गेलं, खांदे गेले आणि पोटावर गाडी थांबली.

पुढे सरकेना, मागे येईना. ताई-विलासरावांनी पुढून हात ओढले. मागे रांग वाढत होती आणि रांगेला सल्ल्यांची कमतरता नव्हती. कुणी श्वास सोडायला सांगितलं, कुणी रामनाम घ्यायला. एकाने विचारलं, पाहुण्यांनी काय खाल्लं? ताईंनी गोळाभात सांगितला, तीनदा हेही सांगितलं. त्याबरोबर रांगेत दोन पक्ष पडले, एक पापाचा आणि एक गोळाभाताचा. पापाच्या पक्षाची पुढारी एक म्हातारी होती. ती शांतपणे म्हणाली, “ओढून नाही होत वं बाई. जे पोटात आहे ते सांगा म्हणा त्याईले.”

मला समोर फक्त ताईंची पावलं दिसत होती. जोडवी झिजलेली. डोळ्यांत बघावं लागत नव्हतं म्हणूनच कदाचित जमलं.

“ताई, मी तुमच्या वडिलांना कधी भेटलो नाही. तुमच्या गावी आलो नाही. सगळं मनाने रचलं.”

पावलं हलली नाहीत. 

“चहा घेतला, ते?”

“खोटं.”

“माह्यं नाव?”

“तेही.”

वरून आवाज आला, अगदी साधा. “म्हणजे बाबा तुमच्यासंगही नाही बोलले.”

मी पुढे घसरून बाहेर आलो. सत्य बोलल्यामुळे सुटलो असं मला लिहायला आवडलं असतं. पण बोलताना श्वास संपला होता आणि पोट आत गेलं होतं, हे गोळाभाताच्या पक्षाने लगेच निदर्शनास आणून दिलं.

गावाच्या वाटेवर मौदा लागतं. तिथपर्यंत विलासराव खोकलेसुद्धा नाहीत. मौद्याला मला एसटीच्या थांब्यावर सोडा, अशी मी विनंती केली. ताईंनी मागे न बघता सांगितलं, “गावानं मांडव घातला आहे. तिथं सांगजा सगळ्याईले.”

गावात शिरताच बॅनर होता. एका बाजूला सोनबाजींचा टोपीतला फोटो, दुसऱ्या बाजूला माझा आणि मधे हेलमगर. पेंटरने त्याला माझ्याहून चांगले डोळे काढले होते. मांडवामागे तलाव पसरलेला होता, कडेने धानाची शेतं. इतकं सगळं माझ्या पुस्तकातल्यासारखं होतं की मलाच शंका आली, आपण खरंच इथे येऊन गेलो की काय.

मी माइकवर सगळं कबूल केलं. सोसायटीची टाकी सांगितली, बेडूक सांगितला. सरपंचबाई उठून म्हणाल्या की मोठी माणसं अशीच असतात, श्रेय घेत नाहीत. टाळ्या झाल्या. मी पुन्हा सांगितलं, हेलमगर खोटा आहे. टाळ्या वाढल्या. तेव्हा डोमाजी नावाचे सोनबाजींच्या वयाचे एक गृहस्थ पुढच्या रांगेतून रागाने उठले.

“खोटा कसा राहीन गा? मंग माह्या म्हशीचं शेपूट कोनं नेलं?”

 माझ्या खांद्यावर शाल पडली.

मग ताई उठल्या. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि क्षणभर तलावाकडे पाहिलं.

“मी सात वर्सांची होती. पोरं म्हणत, तलावात कोनी आहे, पाय ओढते. मी पान्यात पाय टाकत नव्हती. काहून रडते म्हणून बाबांनी इचारलं, मी सांगितलं. बाबा काही बोलले नाही. धोतर खोचलं आन बुडी मारली. वर येत, जागा बदलत, परत बुडी. दिवस बुडेपर्यंत सगळा तलाव पाहिला. मंग काठावर आले, थंडीनं कापून राहिले होते, आन मले म्हणाले, कोनी नाही बाई. मी सगळीकडं पाहून आलो.”

 डोमाजी अजून उभेच होते.

“बांधाकडच्या कोपऱ्यातही पाहिलं होतं त्यानं,” ते हळूच म्हणाले. “मी काठावर होतो.” आणि खाली बसले. शेपटाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

निघताना ताईंनी वही काढली. सकाळची माझी सगळी उत्तरं त्यांनी खोडलेली होती, रेघ ओढलेलं ‘दोनदा’सुद्धा. ती खोडाखोड बघून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. नव्या पानावर ताई वडिलांचं एकच वाक्य लिहीत होत्या. मी विचारलं, हे मी लिहू का?

“लिवा. पन ज्यानं सांगितलं त्याचं नाव बरोबर टाकजा.”

परतीच्या गाडीत वर्ध्याच्या पुढे प्रकाशकांचा फोन आला. तिसऱ्या भागात हेलमगराशी युद्ध किती प्रकरणांचं होणार, हे त्यांना जाहिरातीसाठी हवं होतं. मी म्हटलं, युद्ध नाही. एक बाप मुलीसाठी तलावात उतरतो आणि दिवस बुडेपर्यंत शोधतो. मग काय सापडतं, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हटलं. वाचक आपल्याला मारतील, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मारोत बापडे.

जुनी प्रस्तावना मी काढून टाकली आहे. नव्या प्रस्तावनेत एवढंच आहे: पाण्यात कोणी नाही. सोनबाजी सगळीकडे पाहून आले आहेत. हे मला त्यांच्या मुलीने, निर्मलाताईंनी, त्याच तलावाच्या काठी सांगितलं, आणि तेव्हा मी तिथे होतो.