मोजणीकाकांची सत्ताविसावी तारीख

मोजणीकाकांना घरच्या समारंभाला बोलवायचं म्हणजे यजमानांना जरा धीराने घ्यावं लागे. काका आले की आधी माणसं मोजत. मेहुणीच्या मुलीच्या वाढदिवसाला ते दाराशीच खुर्ची टाकून बसले आणि पोरं घरी निघाली तेव्हा म्हणाले, "तेवीस आत गेली, बावीस बाहेर आली. एक कमी."

"भाऊजी, हा काय तुमचा तुरुंग आहे का?" मेहुणी म्हणाली आणि सगळे खो खो हसले. तेविसावं पोर आतल्या खोलीत पांघरुणांच्या ढिगाखाली गाढ झोपलेलं सापडलं. तेव्हापासून हसणं बंद झालं आणि कुठे सहल निघाली की काकांना आग्रहाने नेण्यात येऊ लागलं.

काकांचा खरोखरच एक तुरुंग होता. तिथे शिपाई म्हणून लागून त्यांना चौतीस वर्षं होत आली होती. रोज दिवस मावळायच्या आधी आपल्या आवारातले कैदी मोजायचे, फाटकाशी यायचं आणि मोठ्याने सांगायचं, "कैदी इतके, बरोबर." मग हेडक्लार्क तो आकडा वहीत लिहिणार आणि मगच फाटकाची किल्ली फिरणार. चौतीस वर्षांत कामावर असताना काकांच्या तोंडून "एक कमी" हे शब्द निघाले नव्हते. ही गोष्ट ते सांगत, पुन्हा सांगत आणि ऐकणारा उठून गेला तर शेजारच्याला सांगत.

आणि अशा माणसाच्या सेवापुस्तकात "निष्काळजीपणा" हा शब्द लिहिलेला होता. शाईने.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वीच्या एका दुपारी काका आवारात जेवण वाटपावर उभे होते. समोर नव्वद कैदी, आणि शिपाई म्हणाल तर एकटे काका. कागदावर तिघं होते. त्यातला एक आजारी कैद्याबरोबर दवाखान्यात गेला होता. दुसऱ्याची बदली होऊन दीड वर्ष झालं होतं, पण तक्त्यातलं त्याचं नाव खोडायला कोणाला सवड झाली नव्हती. त्या दुपारी एका कच्च्या कैद्याने, म्हणजे ज्याचा खटला अजून चाललाच नव्हता अशा माणसाने, जेवणाची रिकामी बादली उचलली आणि काकांच्या डोक्यात घातली. नऊ टाके पडले. तो कैदी त्या दिवसापासून बादल्या झाला आणि त्याचं खरं नाव फक्त कोर्टाच्या कागदांत उरलं.

खात्याचा अहवाल आठ दिवसांत आला. एरवी सरकारी काम आणि सहा महिने थांब; पण दोष खालच्या माणसावर ढकलायचा असला की खात्याच्या पायांना चाकं फुटतात. अहवालात होतं: आवारात पुरेसे कर्मचारी हजर होते; घटना सदर शिपायाच्या निष्काळजीपणामुळे घडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. इथे तर चोर कोण, हेही कोणी विचारलं नव्हतं.

काकांनी अर्ज केला. खात्याचं उत्तर आलं: प्रकरण कोर्टात आहे, निकाल लागेपर्यंत काही करता येत नाही. ठीक. काका निकालाची वाट पाहू लागले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात, पण साक्षीदाराला शहाणा राहायची मुभा नसते. काका दर तारखेला डबा घेऊन ती पायरी चढत आणि संध्याकाळी उतरत. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वकील आजारी, कधी फाईल दुसऱ्या मजल्यावर. सव्वीस तारखा झाल्या आणि काकांनी अर्थातच त्यांची मोजणी ठेवली होती. सव्वीसपैकी सतरा वेळा कारण एकच: आरोपीला आणलं नाही. का नाही? तर तुरुंगात न्यायला शिपाई नाहीत.

निवृत्तीला अकरा आठवडे उरले. त्याआधी तो शब्द खोडला गेला नाही तर तो जन्माचा चिकटणार होता. काका दाराची कडी एरवी दोनदा बघत, ती आता पाच वेळा बघू लागले.

"अहो, मला एक सांगा," काकू एका सकाळी म्हणाल्या. काकूंची सांगायची पद्धत अशी, की हाताने काम चालू आणि नजर कामावर. "त्या बादल्याला आणायला शिपाई नसतो, बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुम्ही तेव्हा कोर्टात बाकावर बसलेले असता."

"साक्षीदार आहे मी. समन्स असतं."

"म्हणजे तुरुंगात जो शिपाई कमी पडतो, तो तुम्हीच की."

काकांचा घास हातातच राहिला. चौतीस वर्षं ते जगातली सगळी माणसं मोजत आले होते आणि स्वतःला मोजायचं तेवढं राहून गेलं होतं.

"मग येताना त्याला घेऊनच या ना," काकू म्हणाल्या. त्या थट्टेत म्हणाल्या होत्या. पण काकांना थट्टा कळायला वेळ लागतो, आणि त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता, कारण सत्ताविसावी तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

सकाळी नऊला काका गणवेश घालून हेडक्लार्कसमोर उभे राहिले. हेडक्लार्कच्या टेबलावर त्या दिवशी सात कैदी कोर्टात न्यायचे कागद आणि न्यायला तीन माणसं, असा हिशेब मांडलेला होता. "मी तिकडेच निघालोय, एक कैदी मी नेतो," असं कोणी म्हणाल्यावर तो बिचारा काय वाचत बसणार? त्याने शिक्का मारला. कागदावर "दोन शिपायांसह" असं छापलेलं होतं आणि खाली त्यांच्या सह्यांना दोन जागा होत्या. एकीवर काकांनी सही केली. दुसरी तशीच राहिली.

गाडी दुरुस्तीला गेली होती. कोर्ट चालत वीस मिनिटांवर. तेव्हा काकांचा डावा हात आणि बादल्याचा उजवा हात एका बेडीत, अशी ही जोडी भर रस्त्यातून निघाली.

"काका, हळू चला ना," बादल्या म्हणाला. "पाच वर्षांत इतकं सरळ चाललो नाहीये मी. आवारात भिंत येते."

काकांनी पावलं आखडती घेतली. वाटेत चहाची टपरी लागली. चहा पिताना अडचण झाली, कारण काका डावखुरे. त्यांनी पेला उचलला की बादल्याचा हात आपोआप वर येई आणि बादल्याचा चहा त्याच्याच सदऱ्यावर सांडे. शेवटी दोघांनी एक, दोन, तीन म्हणत एकदम घोट घ्यायचं ठरवलं. टपरीवाला काकांच्या ओळखीचा. बेडी त्याला दिसली नसावी. "पुतण्या वाटतं?" त्याने विचारलं.

"ऑफिसातला आहे," काका म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर बादल्याने विचारलं, "काका, राग आहे का अजून?"

"नऊ टाके आहेत. राग कशाला वेगळा ठेवू?"

"त्या दिवशी माझी तारीख होती. चौदावी. मोटारसायकल चोरीच्या केसची. सकाळी आंघोळ करून, भांग पाडून बसलो होतो. बारा वाजता सांगितलं, न्यायला माणूस नाही, पुढच्या महिन्यात. चौदा वेळा भांग पाडला हो मी. डोकंच फिरलं. तुमच्यावर काही खुन्नस नव्हती. तुम्हीच समोर होतात."

"मीच होतो," काका म्हणाले. "दुसरं होतं कोण?"

काकांना त्याची कीव आली, आणि त्या कीवेचा रागही आला.

कोर्टात पुकारा झाला. न्यायाधीशबाई नवीन होत्या. या खटल्यावरच्या चौथ्या. त्यांनी फाईलमधून मान वर केली.

"आरोपी?"

"हजर," बादल्या म्हणाला. इतक्या तारखांना कोरी राहिलेली जागा भरली, म्हणून कोर्टातल्या बाबूने आनंदाने टिकमार्क केला.

"साक्षीदार?"

"हजर," काका म्हणाले.

"आरोपीला कोणी आणलं?"

"मीच."

बाईंनी चष्मा काढला. दोन्ही माणसांकडे आणि त्यांच्यामधल्या बेडीकडे नीट पाहिलं. "ज्याने तुम्हाला मारलं, त्याला तुम्हीच घेऊन आलात?"

"हो. नाहीतर तो आला नसता."

बादल्याचा वकील चपळ होता. तो लगेच उठला: फिर्यादी स्वतः आरोपीबरोबर चालत येतो, म्हणजे आरोपी धोकादायक नाही हे उघड आहे. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. बाईंनी दोघांना बसवलं आणि कागद उलटून पाहिला.

"इथे दोन सह्या लागतात. दुसरा शिपाई कुठे आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. त्या दिवशीही नव्हता." काकांचा आवाज एकदम चढला, त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटावा इतका. "नव्वद कैदी होते आणि मी एकटा होतो. चार वर्षं झाली, मला एवढंच सांगायचंय."

सरकारी वकील म्हणाले, रेकॉर्डप्रमाणे तिघं होते. बाई म्हणाल्या, "रेकॉर्डप्रमाणे आज दोघं आहेत." आणि त्यांनी टायपिस्टला सगळं जसंच्या तसं उतरवायला सांगितलं.

पण कायदा तो कायदा. साक्षीदारानेच आरोपीला धरून आणलं म्हटल्यावर त्या दिवशी साक्ष घेणं बरं दिसलं नसतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी पडली. परत येताना बादल्या म्हणाला, "म्हणजे आज नेलंत म्हणून लांबलं?" काकांनी चालण्याचा वेग वाढवला. घरी काकूंनी आधी ताट वाढलं. थट्टा अंगाशी आली हे त्यांना काकांच्या चपलांच्या आवाजावरूनच कळलं होतं.

आगीतून उठून फुफाट्यात, तसं दोन दिवसांनी झालं. अधीक्षकसाहेबांची कारणे दाखवा नोटीस आली. बरोबरची माणसं हळहळली. निवृत्तीच्या तोंडावर हे काय बालंट, असं म्हणत एकाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काका बाकावर बसून नोटीस वाचत होते. सावकाश, बोट ठेवून.

"नियमाप्रमाणे एका कैद्यासोबत किमान दोन शिपाई, व आवारात दर तीस कैद्यांमागे एक शिपाई असणे बंधनकारक आहे. सदर नियम ज्ञात असूनही आपण एकटेच कैद्यास बाहेर नेले. हा गंभीर निष्काळजीपणा आहे."

काकांनी ते तीनदा वाचलं. मग ते उठले, हेडक्लार्ककडे गेले आणि म्हणाले, "याची एक शिक्क्याची नक्कल द्या."

"काका, ही शाबासकी नाहीये," हेडक्लार्क म्हणाला.

"माहीत आहे. दोन नकला द्या."

ज्या नियमाबद्दल खातं चार वर्षं ताकास तूर लागू देत नव्हतं, तो नियम साहेबांनी रागाच्या भरात स्वतःच्या सहीने लिहून दिला होता. काकांनी रात्रभर विचार वगैरे केला नाही. तिथेच उभ्या उभ्या उत्तर लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं, म्हणून पान भरलं. नाहीतर मजकूर थोडकाच होता:

"एका कैद्याला मी एकटा घेऊन गेलो, तो निष्काळजीपणा मला मान्य आहे. नव्वद कैद्यांसमोर मला एकटं उभं केलं, तो निष्काळजीपणा कोणाचा, ते कळवावे."

कळवायला कोणीच आलं नाही. पण पुढच्या तारखेला बादल्याला दोन शिपाई घेऊन आले, गाडीतून. काकांनी साक्ष दिली आणि नोटिशीची नक्कल बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी ती वाचली आणि खात्याच्या प्रमुखांना जातीने येऊन कर्मचाऱ्यांचा खरा आकडा सांगायचा हुकूम दिला. बादल्याने गुन्हा कबूल केला. "मारलं, चुकलंच," एवढंच तो म्हणाला. शिक्षेपेक्षा जास्त दिवस त्याने निकालाआधीच काढले होते, मोटारसायकलच्या केसमध्येही आणि बादलीच्याही. तो सुटला. जाताना फाटकाशी त्याने काकांना नमस्कार केला आणि काकांनी त्याचा भांग नीट आहे की नाही ते बघितलं.

प्रमुखांना कोर्टात तो आकडा सांगावाच लागला, आणि निवृत्तीच्या सहा दिवस आधी सेवापुस्तकातल्या त्या शब्दावर तांबडी रेघ ओढली गेली. काकूंना दाखवायला काकांनी ते पान घरी मागितलं, ते अर्थातच मिळालं नाही. मग त्यांनी कागदावर शब्द लिहून, त्यावर रेघ ओढून दाखवली. काकू हसल्या, मग डोळे पुसले.

शेवटचा दिवस. बरोबरच्यांनी हार आणला होता, साहेब चार चांगले शब्द बोलायला फाटकाशी येऊन थांबले होते. काकांनी आवारातले कैदी मोजले. मग कधी नव्हे ते भिंतीकडे तोंड वळवून अजून काहीतरी मोजलं आणि फाटकाशी आले. हेडक्लार्क वही उघडून बसला होता.

"कैदी अठ्ठ्याऐंशी, बरोबर," काका म्हणाले. हेडक्लार्कने लिहिलं आणि वही मिटायला घेतली.

"थांबा," काका म्हणाले. "शिपाई दोन. एक कमी."

हेडक्लार्कने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हाराकडे पाहिलं. बाहेर काकू रिक्षा थांबवून उभ्या होत्या, पण काकांना घाई नव्हती.

"लिहा," ते म्हणाले. "तुम्ही लिहीपर्यंत मी थांबतो."

हेडक्लार्कने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.